मैदान सोडायच्या आत

फलंदाजाच्या पायाशी जमिनीत बसवलेली प्लेट लखलखीत असली तरी डेल्बर्ट फ्रीस ती झाडतो. दर चार चेंडूंनी खेळ थांबवायचा, मास्क काखेत धरायचा, खिशातून बोटभर ब्रश काढायचा आणि लोकांकडे तोंड करून अशा थाटात वाकायचं, की जुलैच्या उन्हात एवढी माणसं पत्र्याच्या बाकांवर भाजून घेत बसलीत ती त्याचं वाकणं बघायलाच. झाडून झालं की सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थू करून बाजूला उडवायची. ती चेंडू झेलायला समोर बसलेल्या कॅचरच्या बुटावर पडली तरी साहेबांना त्याचं काही नसतं. मुलगा बिचारा बूट मातीत घासतो आणि पुन्हा उकिडवा बसतो.

मला त्या माणसाची किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की लॉर्ना डेक्कर आतल्या गाठीची आहे. शाळा असते तेव्हा मी शाळेची बस चालवते आणि उन्हाळ्यात शाळांच्या बेसबॉलला अंपायर म्हणून उभी राहते. आमच्या आयोवात शाळांचं बेसबॉल उन्हाळ्यातच असतं. या मॅचना आम्ही दोघंच असतो. एक होम प्लेटच्या मागे, तो मुख्य. दुसरा आत, बेसपाशी. जोड्या कोण लावतं ते मला विचारू नका, पण या वर्षी डेल्बर्ट माझ्या वाट्याला इतक्यांदा आला, की घरी नवरा विचारायला लागला, तुझं दुसरं लग्न झालंय का.

अंपायर मिळत नाहीत, हे खरं दुखणं आहे. उन्हात उभं राहून दुसऱ्यांच्या आयांच्या शिव्या खायला कोण येणार? आमच्या निळ्या शर्टावरून लोक आम्हाला 'निळे' म्हणतात, आणि 'ए निळ्या'च्या पुढे जे येतं ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नसतं. त्यामुळे जो येईल तो चालतो. डेल्बर्ट तर न बोलावता येतो. तरुणपणी तो फ्लोरिडात अंपायरांच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आला. तिथून त्याला पुढे कोणी बोलावलं नाही यातच सगळं आलं, पण तो ते शिबिर अजून छातीवर लावून फिरतो. उथळ पाण्याला खळखळाट फार. साधा स्ट्राइक द्यायचा तरी असा ओरडतो, की धान्याच्या कोठारावरची कबुतरं उडतात.

"तुझा आवाजच निघत नाही," तो मला म्हणतो. "मॅच कोणाच्या हातात आहे ते लोकांना कळायला नको?"

"मॅच मुलांच्या हातात असते, डेल्बर्ट."

"म्हणूनच तू अजून बेसवर आहेस."

त्या दिवशी प्रेरी ग्लेनच्या मैदानावर बाद फेरीची मॅच होती. पाहुणे डोव्हर क्रीकचे. हरेल तो घरी, आणि जी मुलं शाळेच्या शेवटच्या वर्षात आहेत त्यांचं बेसबॉल तिथेच संपणार. आमच्याकडे कॉलेजात जाऊन खेळणारा एखादाच. बाकीचे त्या दिवशी बूट पिशवीत टाकतात ते पुन्हा काढत नाहीत. मॅचआधी रीतीप्रमाणे दोन्ही कोच आणि कर्णधार प्लेटपाशी आले. डोव्हर क्रीकचा कोच बूम पोटानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. त्यानं आपल्या कर्णधाराच्या मानेवर पंजा ठेवला.

"हा ट्रेंट होल्टमन. आज हाच पिचर. जिंकला तर गुरुवारी पुन्हा टाकेल, हरला तर सोमवारपासून काकाच्या डुकरांत."

"डुकरं तरी ऐकतात, कोच," पोरगा म्हणाला. "आपला शॉर्टस्टॉप ऐकत नाही."

सगळे हसले. प्रेरी ग्लेनचा कोच लार्किनसुद्धा हसला, आणि तो दात दाखवतो तो बहुधा दंतवैद्यालाच. डेल्बर्ट तेवढा हसला नाही, कारण विनोद त्याचा नव्हता. त्यानं घसा खाकरून आपलं नेहमीचं भाषण सुरू केलं.

"बॉकच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नसतो. फ्लोरिडात आम्हाला बॉकच शिकवलाय. माझ्या मैदानावर पिचरनं चलाखी करायची नाही."

माझ्या मैदानावर, म्हणे. गवत शाळेचा शिपाई कापतो, रेघा मुलांचे बाप मारतात, आणि मैदान याचं.

बॉक म्हणजे काय यावरून आमच्याकडे भावाभावांत अबोला झालेला आहे, पण मूळ गोष्ट सोपी आहे. बेसवर उभे असलेले धावपटू पुढे सटकायची संधी बघत असतात. पिचरचा पाय मधल्या पट्टीला लागलेला असताना त्यानं त्यांना फसवायचं नाही. टाकायला लागून थांबला, दचकला, चेंडू हातातून पडला, की बॉक. खेळ तिथेच थांबतो आणि सगळे धावपटू एकेक बेस पुढे जातात. पहिल्या बेसकडे फेकायची नुसती हूल दिली तरी बॉक. तिसऱ्या बेसकडे मात्र नीट पाऊल टाकून हूल दिली, तर शाळेच्या नियमात ती चालते. टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये चालत नाही, शाळेत चालते. दर वसंतात आम्हा अंपायरांची परीक्षा होते, पुस्तक उघडं ठेवून द्यायची, आणि त्यात हा प्रश्न हमखास असतो. पण पुस्तक उघडं असून काय उपयोग, डोळे टीव्हीकडे असतील तर.

मॅच चांगली झाली. फार चांगली झाली, म्हणून तर जास्त राग येतो. ट्रेंट दिसायला काही खास नव्हता, हातपाय लांब, कान मोठे, पण चेंडू जिथे टाकायचा तिथेच टाकत होता. पिठाच्या पोत्याला शिवण घालावी तसा एकेक टाका पक्का. लार्किनच्या मुलांना त्यानं सहा डाव जखडून ठेवलं होतं. सातव्यात, म्हणजे शेवटच्या डावात, हात दमला. धावा बरोबरीत होत्या, प्रेरी ग्लेनची शेवटची बॅटिंग, दोन बाद, आणि तिन्ही बेस भरलेले. तिसऱ्यावरचा धावपटू कसाही घरी, म्हणजे प्लेटवर, आला की मॅच संपली. फलंदाजावर दोन स्ट्राइक झाले होते, एक बॉल. नीट प्लेटवरून आलेला चेंडू चुकला किंवा सोडला की स्ट्राइक, बाहेरचा सोडला की बॉल, आणि तिसऱ्या स्ट्राइकला बाद. आणखी एक स्ट्राइक आणि डोव्हर क्रीक अजून जिवंत.

मी पिचरच्या मागे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी होते. तिसऱ्यावरचं पोरगं वाटीतलं दूध मांजरानं बघावं तसं पुढे पुढे सरकत होतं. ट्रेंटनं चेंडू छातीशी धरला, थांबला, आणि मग तिसऱ्या बेसकडे लांब, स्पष्ट पाऊल टाकून हात उगारला. फेकला नाही. पोरगं घाबरून मागे झेपावलं आणि तोंडभर धूळ खाल्ली. काम झालं. मी मनात शाब्बास म्हटलं.

"बॉक!"

डेल्बर्ट प्लेटमागून बाहेर आला होता. एक हात पिचरकडे, एक आकाशाकडे. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला आधी कळेचना काय झालं. तिसऱ्यावरच्या पोराला त्यानं बोटानं घरी बोलावलं. पोरगं धूळ थुंकत आलं, प्लेटवर पाय ठेवला, आणि प्रेरी ग्लेनच्या बाकावरच्या सगळ्या पोरांनी त्याच्यावर उड्या घेतल्या. मॅच संपली होती. शेवटचा चेंडू न टाकताच.

ट्रेंट पट्टीवर तसाच उभा राहिला, चेंडू हातात धरून. तो टाकून हरला असता तर निदान स्वतःच्या हाताला दोष देता आला असता. आता दोष देण्यासारखं त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

कोच बूम बैलासारखा धावत आला. माझा जीव भांड्यात पडला. आमचा नियम स्पष्ट आहे: अंपायरच्या नजरेवर वाद घालता येत नाही, पण निर्णय नियमाला सोडून आहे असं वाटलं तर कोच किंवा कर्णधार विचारू शकतो, आणि अंपायरला तो तपासावा लागतो. मॅचच्या शेवटच्या चेंडूबद्दल असेल तर अंपायर मैदान सोडायच्या आत विचारावं लागतं. आणि जोडीदाराच्या निर्णयात दुसऱ्या अंपायरनं तोंड घालायचं नाही, ज्यानं निर्णय दिला त्यानं स्वतः विचारल्याशिवाय. हे शेवटचं कलम आम्ही बायबलसारखं पाळतो. तेव्हा सगळा मामला आता बूमच्या तोंडात होता. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, हा नियम शाळेला लागू आहे का ते बघा.

"कसला बॉक?" बूम ओरडला.

"तिसऱ्याकडे हूल दिली आणि फेकला नाही," डेल्बर्टनं पत्र्याच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. "कधीपासूनचा बॉक आहे तो. घरी टीव्ही नाही का तुझ्या?"

"पाऊल टाकलं होतं त्यानं!"

"फेकला नाही."

"पाऊल, पाऊल टाकलं होतं, गाढवा!"

माझं डोकं फिरायची वेळ आली. जन्मभर कोचिंग केलेला माणूस, त्यालाही नियम माहीत नाही. तोही टीव्हीच बघतो. दोघं आंधळे भांडत होते, हत्ती कोणत्या रंगाचा म्हणून. मग बूम डेल्बर्टच्या डोळ्यांवर आला, डोळ्यांवरून चष्म्यावर, चष्म्यावरून आईवर. डेल्बर्टनं हात फिरवून त्याला मैदानाबाहेर काढलं, आणि तेही असं वळून, गिरकी घेऊन, की कोणाचा फोटो चुकायला नको. मदतनीस कोच बूमला कमरेला धरून बसकडे घेऊन गेला. जाताना बूमनं पाण्याच्या पिंपाला लाथ मारली आणि बर्फ सगळ्या गवतावर पसरला. मुलांना शिस्त शिकवायला पगार मिळतो याला.

डेल्बर्टनं मास्क काखेत मारला आणि मला खुणावलं. रीत अशी, की मॅच संपली की दोन्ही अंपायर बरोबर, एकाच फाटकातून, मागे न बघता निघतात. वाद असेल तर जास्तच भराभर. तो फाटकाशी पोचला. मी हलले नाही.

"लॉर्ना, चल."

मी बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी सुटलेली नव्हती. तो थोडा वेळ थांबला, पुटपुटला आणि गाडीकडे गेला. प्रेक्षक उठत होते, थंड पेयांच्या पेट्या उचलत होते, खाण्याच्या टपरीवर उरलेल्या खिम्याच्या सँडविचांसाठी रांग लागली होती. मी दुसऱ्या बेसपाशी उभी राहिले. मी अंपायर होते, मैदानावर होते, म्हणजे मैदान अजून सोडलेलं नव्हतं. मला तोंड उघडायची बंदी होती. पाय न उचलायची नव्हती.

"ए निळे, मुळं फुटली का?" कोणीतरी ओरडलं. "पाणी घालू?"

डोव्हर क्रीकची मुलं बॅटा गोळा करत होती. दोघं रडत होते. ट्रेंट एकटाच पट्टीवर होता आणि माझ्याकडे बघत होता. मग तो आला. टोपी काढून.

"मॅडम, तो बॉक होता?"

"ज्यानं दिला त्याला विचार. जोडीदाराच्या निर्णयावर मला बोलता येत नाही."

"ते तर गेले."

"हो."

"मग मॅच संपली ना?"

मी फक्त खाली माझ्या बुटांकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं. पोरगा शहाणा होता. त्याला वेळ लागला, पण शेवटी त्याचे मोठे कान लाल झाले आणि तो फाटकाकडे पळत सुटला.

पुढचं मी दुरून पाहिलं आणि जाळीतून ऐकलं. डेल्बर्ट गाडीमागे उभा होता, पँट आणि बूट उतरवून, अर्ध्या चड्डीत आणि चपलांत, हातात पेयाचा गार डबा. ट्रेंट जाळीच्या आतच थांबला. बाहेर पाऊल टाकलं नाही त्यानं.

"सर, मी कर्णधार आहे. मला नियम विचारायचाय. तिसऱ्याकडची हूल शाळेच्या नियमात बॉक आहे का?"

"मॅच संपली, बाळ. घरी जा."

"मॅडम अजून मैदानावर आहेत, सर."

डेल्बर्टनं मान वर केली. त्यानं मला पाहिलं. टपरीच्या रांगेतल्या लोकांनीही मला पाहिलं. हळूहळू सगळ्यांचं बोलणं थांबलं आणि डेल्बर्ट फ्रीस त्या शांततेतून चपला फटक फटक करत माझ्याकडे आला. त्याच्या पिंढऱ्या पांढऱ्याफटक होत्या. थाट नावाची चीज पँटबरोबर गाडीतच राहिली होती.

"हे काय नाटक आहे?" तो दातांतून म्हणाला.

"तू मला विचारतोयस का, डेल्बर्ट? निर्णयाबद्दल?"

त्याला कळलं. चेहरा उतरला, कारण आता त्याला खरंच आठवत होतं, कुठेतरी वाचल्यासारखं. शाळांच्या राज्य स्पर्धेला अंपायर निवडतात तेव्हा नजरेची चूक कोणी विचारत नाही. नियमाची चूक मात्र कागदावर चढते आणि माणूस वगळला जातो. डेल्बर्ट राज्य स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं जीव टाकत होता. तो माझ्या इतका जवळ आला, की बियांचा खारट वास आला.

"आपण म्हणू खांदा हलला," तो कुजबुजला. "टाकायच्या आधी खांदा हलला, मी पाहिला, तुलाही दिसला ना? ती नजरेची गोष्ट. तू म्हण, मलाही दिसला. दोघांची अब्रू राहील."

"माझी कुठे गेलीये?"

"लॉर्ना, ऐक. पोरं आज ना उद्या हरतातच."

मी आयुष्यात उलट्या झालेल्या मुलांच्या बसा धुतल्यात. त्यांचा वास याहून बरा होता.

"तू कारण सगळ्यांना ओरडून सांगितलंयस," मी म्हटलं, आणि या वेळी माझा आवाज निघाला. "हूल दिली आणि फेकला नाही. तू विचारलंस म्हणून सांगते. शाळेच्या नियमात तो बॉक नाही. खांदा हलला नाही. पोरानं काहीही चूक केलेली नाही."

ट्रेंट चार हातांच्या अंतरावर, टोपी छातीशी धरून उभा होता. त्यानं डोळे मिटले.

डेल्बर्टनं निर्णय फिरवला. फिरवावाच लागला. धाव रद्द, धावपटू आपापल्या बेसवर, दोन स्ट्राइक, एक बॉल, पुन्हा सुरू. प्रेरी ग्लेनची मुलं बूट काढून बसली होती, त्यांना पुन्हा घालायला लागले. लार्किन मला येऊन म्हणाला, "तुम्हाला घरी स्वयंपाक नसतो का?" एका बाईनं जाळीवरून बर्फाचा पेला माझ्या दिशेनं भिरकावला, नेम तिच्या मुलासारखाच होता, म्हणून वाचले. पण डोव्हर क्रीकची मुलं धावत आपल्या जागांवर गेली, आणि शॉर्टस्टॉपनं जाताना ट्रेंटच्या पाठीत असा गुद्दा घातला, की मला हसू आलं. डेल्बर्ट पँट चढवून आला. त्यानं प्लेट झाडली नाही.

ट्रेंटनं पहिला चेंडू टाकला. मी पिचरच्या मागेच होते, मला तो हातावरच्या रेषेसारखा दिसला. कमरेच्या उंचीवर, प्लेटच्या मधोमध. कॅचरचा हात तसूभर हलला नाही. फलंदाज गारठल्यासारखा बघत राहिला. डाव संपला होता.

"बॉल," डेल्बर्ट म्हणाला.

ओरडला नाही. अगदी हळू, सभ्यपणे म्हणाला, बँकेतला माणूस म्हणतो तसं. कॅचरनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"पुढे बघ," डेल्बर्ट म्हणाला.

मला वाटलं, एखादा सुटला असेल नजरेतून. मला तसं वाटून घ्यायचं होतं. पण लार्किनला माझ्याआधी कळलं. असल्या लोकांना असलं लवकर कळतं. त्यानं आपल्या फलंदाजाकडे बघून स्वतःच्या खांद्यावर दोनदा थाप मारली: बॅट खांद्यावर ठेव, हलवू नकोस. पोरानं बॅट खांद्यावर ठेवली. तो गोंधळला होता, पण कोच सांगतो ते करायचं असतं.

दुसरा चेंडू पहिल्याहून चांगला होता. ट्रेंटनं दमलेल्या हातातलं उरलंसुरलं सगळं त्यात घातलं होतं.

"बॉल."

मी हात वर करून खेळ थांबवला आणि प्लेटपाशी गेले. "डेल्बर्ट, काय चाललंय हे?"

त्यानं मास्क वर केला. डोळ्यांत राग नव्हता. समाधान होतं, जेवण झाल्यासारखं.

"मी तुला काही विचारलं का, लॉर्ना?"

त्यानं बेसकडे बोट दाखवलं.

"विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तूच मघाशी सगळ्या गावाला शिकवलंस. जा, बेसवर जा."

कॅचर सोळा-सतरा वर्षांचा असेल. तो आमच्या दोघांच्या मध्ये उकिडवा बसून हे ऐकत होता, आणि लाज आमची असताना मान त्यानं खाली घातली. मी परत गेले. काय करणार होते? हूल होती ती नियमाची गोष्ट होती. चेंडू प्लेटवरून गेला की नाही ही प्लेटमागच्या माणसाच्या नजरेची गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल कोच विचारू शकत नाही, कर्णधार विचारू शकत नाही, मी तर नाहीच. मी रात्रभर त्या मैदानावर उभी राहिले असते तरी नाही. नियमाची चूक त्याला महागात पडणार होती. ही फुकट होती.

ट्रेंटनं तिसरा चेंडू टाकायच्या आधी बराच वेळ घेतला. तो माझ्याकडे वळून बघेल असं मला वाटलं, पण त्यानं बघितलं नाही. त्यानं चेंडू छातीशी धरला, थांबला, कोणाला हूल दिली नाही, आणि टाकला. तोही मधोमध. मला वाटतं त्याला माहीत होतं काय होणार, आणि तरी त्यानं तो मधोमधच टाकला.

"बॉल चार."

चार बॉल म्हणजे फलंदाजाला फुकट बेस. बेस भरलेले, म्हणून तिसऱ्यावरच्या पोराला घरी चालत यायचं होतं. ते चालतच आलं, डोकं खाली घालून. या वेळी कोणी त्याच्यावर उड्या मारल्या नाहीत. लार्किन टाळ्या वाजवत होता, एकटाच. बाकांवर कोणीतरी हसलं आणि थांबलं.

डेल्बर्ट फाटकाशी माझ्यासाठी थांबला. खरंच थांबला, रीतीप्रमाणे. "झालं समाधान?" तो म्हणाला. "चल, वाटेत काहीतरी खाऊ. मला भूक लागलीये."

मी त्याच्याकडे बघितलं आणि मला त्याची घाण वाटली. एखाद्या माणसाला आपण काय केलं ते कळत नसतं, तर एक वेळ परवडतं. याला सगळं कळत होतं आणि भूक लागली होती. मी नाही म्हणून मान हलवली. तो खांदे उडवून गेला. गाडीतून हात बाहेर काढून त्यानं लार्किनला निरोपही दिला.

दोन्ही बाजूंच्या मुलांनी रीतीप्रमाणे रांगेत हात मिळवले. मग डोव्हर क्रीकची मुलं बसकडे गेली. ट्रेंट शेवटी राहिला. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं; असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम, यावर पुन्हा विचारता येतं का?"

"नाही," मी म्हटलं. "ही नजरेची गोष्ट. ती विचारता येत नाही."

"तिन्ही चेंडू स्ट्राइक होते."

"तिन्ही होते."

त्यानं मान हलवली, बराच वेळ, जसं काही मी त्याला रस्ता सांगितला होता. हातमोजा काखेत धरला.

"तुम्ही चांगलंच केलंत, मला माहितीये," तो म्हणाला. "पण तुम्ही सरांबरोबर निघून गेला असतात ना, तर मी एकदाच हरलो असतो."

तो बसमध्ये चढला. बस निघाली, मक्याच्या शेतांमधून वळली. टपरीवाल्यांनी फळी लावली. मी अजून दुसऱ्या बेसपाशी उभी होते, पण आता मी मैदान सोडलं काय आणि न सोडलं काय, कोणाला काही फरक पडत नव्हता.